मेण सुटलेली गिटार

१

जुन्या रॉक गाण्यात कुठली गिटार वाजली आहे, हे ओळखून देणं हा माझा धंदा. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. मग तो विचारतो, याच्यावर पोट भरतं का? आणि मग घरी जाऊन स्वतःच्या आवडत्या गाण्याबद्दल फोन करतो. गिटार कुठल्या कंपनीची, साधारण कुठल्या काळातली, हे बरेच जण सांगतील. मी नेमकी कुठली ते सांगतो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गिटारी माझ्या कानाला वेगळ्या लागतात. जुळ्यांची आई फसत नाही, त्यातलाच प्रकार.

लोकांना वाटतं मी सूर ऐकतो. सूर ऐकून काही कळत नाही, तो वाजवणाऱ्याच्या बोटांतून येतो. मी ऐकतो ती दोन सुरांमधली जागा. वाजवणारा क्षणभर थांबला की गिटार एकटी पडते आणि मग ती खरं सांगते. तिची गुणगुण, बटणाचा खटका, एखाद्या सैल स्क्रूची कुरकुर. मी सहीचं पत्र दिलं की संग्रहालयं काचेखालच्या पाट्या बदलतात. मी लिहिलं की ते तसं होतं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

बायको मला कानसेन म्हणते. आमची ओळख झाली तेव्हा ती एका हॉलच्या स्टेजवर गिटार वाजवायची आणि मी त्या हॉलचा साउंडवाला होतो. तिची गिटार एका दुरुस्तीवाल्याकडून घेतलेली, जुनी. हिला थोरामोठ्यांचे हात लागलेत, असं तो म्हणाला होता. विकणारे असं म्हणतातच. तारांखाली चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेला एक डबा असतो, त्याला पिकअप म्हणतात. आतली तार हलू नये म्हणून तो मेणात बुडवून काढतात. हिच्या गिटारीचं मेण केव्हाच सुटलं होतं. मेण सुटलं की पिकअप नुसत्या तारा ऐकत नाही, सगळी खोली ऐकायला लागतो. त्याच्यावर वाकून बोललं तर स्पीकरमधून शब्द बाहेर येतात. पहिल्याच दिवशी तिनं स्टेजवर गिटार तोंडाशी धरली आणि हॉलच्या मागच्या टोकाला बसलेल्या मला विचारलं, "आता येतंय का ऐकू?"

तेव्हापासून आजतागायत मी तिचंच ऐकत आलो आहे.

आता तिची फुप्फुसं थकली आहेत. आवाज पलंगाच्या कडेपलीकडे जात नाही. म्हणून गिटार तिच्या मांडीवर किंवा उशाशी असते, तिची केबल दाराखालून माझ्या कामाच्या खोलीत येते, आणि टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून ही मला हाका मारते. पाणी दे. गोळी घेतली. कानसेना, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तो ऐक आधी. वाजवायला बोटांत जोर राहिला नाही, पण गिटार कामाला आली.

२

सोमवारी एक संग्राहक आला. मोठा उमदा माणूस, बोलताना सतत टाय सारखा करणारा. त्याच्याकडे एक निळी गिटार होती. एका गाजलेल्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात, जिथे गाणारा गप्प होतो आणि गिटार एकटीच रडते, तिथे वाजलेली गिटार हीच, असं त्याचं म्हणणं होतं. गाणं आमच्या लग्नाच्याही आधीचं. त्या तुकड्यासाठी वाजवणाऱ्यानं एका दिवसापुरती कुणाची तरी गिटार मागून आणली होती आणि नंतर ती कुठे गेली कुणाला ठाऊक नाही, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्याला माझं पत्र हवं होतं.

त्या काळी गाणं वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेत, गळ्याची एक, ड्रमची एक, गिटारीची एक. संग्राहकानं मूळ टेपवरून नुसत्या गिटारीची पट्टी उतरवून आणली होती. मी हेडफोन चढवले.

निळी गिटार तिसऱ्या मिनिटालाच बाद झाली. तिचं बटण एकदा वाजतं. टेपवरचं दोनदा वाजत होतं, टक आणि लगेच दुसरं, दबकं टक. शिवाय टेपवरच्या गुणगुणीला एक पोकळी होती. म्हणजे पिकअपचं मेण सुटलेलं. मला बरं वाटलं. अशी गिटार खोलीसुद्धा पकडते, आणि खोली कळली की अर्धं काम होतं.

मी आवाज वाढवला. सुरांच्या मधल्या जागेत एक नळ ठिबकत होता. त्यामागे एक भिंतीवरचं घड्याळ होतं, एक ठोका स्पष्ट आणि पुढचा लंगडा. आणि मग कुणीतरी खोकलं.

मी हेडफोन काढून हिला विचारलं, पाणी आणू का? स्पीकरमधून उत्तर आलं की नको, मी कुठे खोकले?

३

माझं डोकं तसं ठिकाणावर असतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेप जपणाऱ्या बाईंकडे गेलो. मोठ्या गोदामात त्या एकट्या बसतात, अंगावर शाल, कारण टेपांसाठी खोली गार ठेवावी लागते. मी म्हटलं, टेपवर दुसऱ्या कशाचं तरी उमटलं असेल. गुंडाळलेल्या टेपचे थर वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून असतात, एका थराचा आवाज शेजारच्यावर पुसट उमटतो. त्यामुळे कधीकधी गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सुरुवात ऐकू येते. आम्हा लोकांना हे नवीन नाही.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, हा थरांचा दोष नाही, हे गिटारमधूनच आलंय. पण तो स्टुडिओ मला माहीत आहे. कापूस भरलेली बंद पेटी होती ती, तिथे नळ कुठला?

"आणि शेपूट ऐकलंत का?" त्यांनी विचारलं. "गाणं संपल्यावर टेप तशीच चालू राहिलीय. लोक बंद करायला विसरायचे. सहाएक मिनिटं आहे. काही नाही त्यात, नुसती गुणगुण. कुणीतरी बसलंय."

कोण बसलंय, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ते तुमचं काम.

४

घरी येऊन मी हिची गिटार मागितली. कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, कारण तोवर मला ते फक्त कामच वाटत होतं. बटण दोनदा वाजलं. गुणगुणीतली पोकळी तीच. दांड्यावरच्या सातव्या पट्टीवर तिसरी तार दाबली की एक माशी अडकल्यासारखा आवाज येतो, तो या गिटारीत आहे, टेपवरही होता. तीन तास मी दोन्ही आलटूनपालटून ऐकलं आणि निवाडा झाला. दुरुस्तीवाला खोटं बोलला नव्हता.

हिच्या तोंडावर जे आलं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं आयुष्यभर गिटार वाजवली पण तिची एकही रेकॉर्ड निघाली नाही. आधी पोरीबाळींचा बॅंड म्हणून, मग संसार म्हणून, मग राहिलंच. ती पिकअपवर वाकून, दम घेत घेत म्हणाली, "मी नाही तर नाही, माझी गिटार तरी आहे ना त्यात. पत्रात तसं लिही. माझ्या नावानं लिही. मला ते वाचायचंय."

मी लिहितो म्हटलं. गुरुवारी तिला हॉस्पिटलमध्ये हलवायचं होतं, तिथे पलंग रिकामा व्हायचा होता. त्याच्या आत पत्र तिच्या हातात द्यायचं मी मनाशी ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारपर्यंत फक्त दमानं घ्या, काही होत नाही.

मग मी शेपूट ऐकलं.

गाणं संपतं. नळ ठिबकतो. घड्याळ लंगडतं. ते घड्याळ आमच्या बैठकीत आहे, भाच्यानं दोन वर्षांपूर्वी दिलेलं, पडल्यापासून असंच चालतं. टेप चाळीस वर्षांहून जुनी आहे. मग श्वास. आत घेताना शिटी वाजणारा, बाहेर सोडताना अडखळणारा. ज्या श्वासाबरोबर मी रोज जागा होतो तो मला दुसऱ्याचा वाटणं शक्य नव्हतं. दोन मिनिटं नुसता श्वास. मग अगदी जवळून, पिकअपला ओठ लागल्यासारखं, "आता येतंय का ऐकू?"

मग तीन वेळा खोकला. मग एक खुर्ची करकरते.

त्यानंतर श्वास नाही. चार मिनिटं नळ, घड्याळ, गुणगुण. आणि शेवटी केबल उपसल्याचा आवाज, फट्. तिथे टेप संपते.

मी ती चार मिनिटं किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही. आवाज शेवटापर्यंत वाढवला, गुणगुण गाळून पाहिली. श्वास नाही. भिंतीपलीकडे ही जिवंत होती आणि इकडे मी तिचं नसणं कानात घालून बसलो होतो. मी कुणाला काय सांगणार होतो?

५

मी आधी नळ दुरुस्त केला. वायसर बदलला, तोटी घट्ट केली, खाली फडकं बांधलं. परत येऊन टेप लावली तर टेपवरही नळ नव्हता.

माझ्या वहीत माझ्याच अक्षरात "नळ" लिहिलेलं होतं. मी ते बोटानं चाचपून पाहिलं. मग घड्याळाचा सेल काढला. टेपवर घड्याळ थांबलं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इकडे बदललं की तिकडे बदलतं. म्हणजे वाट आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या हाताला तर आख्खं लाकूड लागलं होतं.

हॉस्पिटलला फोन केला, आजच पलंग द्या म्हटलं. गुरुवारच्या आधी नाही, म्हणाले. हिला म्हटलं, गिटार दोन दिवस दुसरीकडे ठेवू या, पिकअपला नवीन मेण भरून आणतो. ती म्हणाली, मग मी बोलू कशातून? घरात मेल्यासारखी पडून राहू? खुर्ची राहिली होती. तिच्या पलंगाजवळची वेताची खुर्ची मी माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरातली लाकडी आणून ठेवली. टेपवर खुर्ची करकरायचीच, फक्त आता लाकडी करकरायची.

तेव्हा मला माझ्या धंद्याची अक्कल सुचली. टेपवरची खोली आमची का आहे? कारण टेपवरची गिटार हिची आहे. ती हिची आहे हे कुणी ठरवलं? मी. अजून ते कुठे लिहिलेलं नाही. मी लिहिलं की ते तसं होतं.

मंगळवारी संध्याकाळी संग्राहक आला. मी त्याच्यासमोर पत्र लिहिलं. या ध्वनिमुद्रणात वाजलेली गिटार हीच, निळी, माझ्या मते यात शंका नाही. खाली सही. तीस वर्षांत मी एकदाही खोटं पत्र दिलं नव्हतं. तो माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. तो गेल्यावर मी टेप लावायला गेलो, तेवढ्यात स्पीकरमधून हिनं विचारलं, काय सांगितलंस त्याला?

दार उघडं होतं, तिनं सगळं ऐकलं असणार. तरी मी म्हणालो, बटण तपासलं पुन्हा, निळीच निघाली, माझी चूक झाली होती.

खोटं बोलताना मी नाकानं जोरात श्वास घेतो, हे ती लग्नाच्या आधीपासून ओळखते. स्पीकर बराच वेळ नुसता गुणगुणत राहिला.

"मग माझी नाही म्हणतोस," ती म्हणाली.

नाही तुझी, मी म्हटलं. त्या स्पीकरमधून मी ऐकलेलं तिचं हे शेवटचं वाक्य ठरेल असं वाटलं असतं, तर मी जीभ हासडून टाकली असती.

६

बुधवारी सकाळी टेबलावरचा स्पीकर गप्प होता. गुणगुणही नव्हती. मला वाटलं केबल निघाली असेल. मी आतल्या खोलीत गेलो.

ही उशांना टेकून बसली होती, गिटार मांडीवर, केबल जागच्या जागी. माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ओठ हलले, आवाज आला नाही. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली आणि मग खोकली. तिचे खांदे हलले, मान पुढे आली, कपाळाची शीर फुगली, आणि खोलीत काहीही ऐकू आलं नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं.

कान गेले, असं मी स्वतःला सांगितलं. उतारवयात आवाजाची एकेक पट्टी जाते, बायकांचे बारीक आवाज आधी जातात. वाचलेलं होतं मी. तेवढ्यात तिच्या हातून औषधाचा चमचा फरशीवर पडला. तो दोनदा उसळताना मी पाहिला. आवाज नाही. मी चमचा उचलला आणि माझ्या हातानं खाली टाकला. खणकन वाजला.

मी परत उचलून तिच्या हातात दिला आणि पाड म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिनं पाडला. नाही.

मी तिला सांगितलं की मला तुझं ऐकू येत नाही. ती हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. तिनं गिटार उचलून पिकअपवर ओठ टेकले आणि बोलली. पलीकडच्या खोलीतला स्पीकर गप्प. तिनं तारांवर बोटं ओढली. मी तारांवर माझं बोट ओढलं तर पलीकडे तीच तार रडून उठली.

मी तिला नाकारलं होतं. सही करून, तारीख घालून. आणि मी लिहिलं की ते तसं होतं.

७

तिचा आवाज आता जगात कुठे उरला असेल तर त्या टेपवरच. मी माझं यंत्र आणि हेडफोन तिच्या खोलीत आणले, लाकडी खुर्चीत बसलो आणि टेपचं शेपूट लावलं.

श्वास आला. आत घेताना शिटी, बाहेर सोडताना अडखळ. मी तिच्या छातीकडे पाहिलं. छाती त्याच लयीत वर-खाली होत होती, एका क्षणाचाही फरक नाही. माझ्या जिवात जीव आला. मी रडत होतो आणि ती मला डोळ्यांनी विचारत होती की काय झालंय तुला. माझ्या कानात तिचा श्वास होता, आणि बाकी काही मला नको होतं.

मग लक्षात आलं की दोन मिनिटंच आहेत.

बंद करायचं बटण हाताशी होतं. पण बंद केलं तर तिचा श्वास मी कुठे ऐकणार होतो? बटणावर बोट ठेवून मी बसून राहिलो, आणि बोट खाली गेलं नाही.

तिनं गिटार तोंडाशी घेतली. पहिल्या दिवशी घेतली होती तशीच, डावा खांदा जरा वर करून. ओठ हलले आणि कानात आलं, "आता येतंय का ऐकू?"

"येतंय," मी म्हणालो. "येतंय गं."

तीन खोकले. मी मोजले. तिसऱ्यानंतर तिनं माझ्याकडे हात पुढे केला.

खुर्ची माझ्याच खाली होती, हे मला कसं आधी कळलं नाही? तिच्या हातापर्यंत पोचायचं तर उठायला हवं. उठलो तर खुर्ची करकरणार. मी दोन्ही पाय फरशीला रोवून तसाच बसलो. तिचा हात हवेत होता. तो खाली यायला लागला, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला सोसली नाही.

मी उठलो. खुर्ची करकरली, कानातही आणि खोलीतही.

हात गरम आहे. मी तिला सांगितलं की ती गिटार तुझीच आहे, पहिल्यापासून तुझी होती, मी खोटं लिहिलं, उद्या सगळ्यांना कळवतो. तिनं डोळे मिटून घेतले. ऐकलं असावं. हे वाक्य टेपवर नव्हतं. ती चार मिनिटं मी तोंडपाठ केली आहेत, त्यात कुणाचंही बोलणं नव्हतं.

कानात गुणगुण चालू आहे. तिची छाती हलतेय की माझाच हात कापतोय, ते कळत नाही. शेवटी केबल उपसल्याचा आवाज आहे. म्हणून एका हातात तिचा हात धरलाय, आणि दुसऱ्या हातानं केबल गिटारमध्ये गच्च दाबून ठेवली आहे.